‘तूच लिहून आण, मी सही करतो’: वैद्यकीय महाविद्यालयांतल्या सर-मॅडमना खुले पत्र

प्रति,
पश्चिम महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाते, विभागप्रमुख आणि प्राध्यापक मंडळी

स. न. वि. वि.

येत्या काही आठवड्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या केबिनबाहेर एखादा इंटर्न किंवा नुकताच बाहेर पडलेला विद्यार्थी घुटमळताना दिसेल. हातात लेटर रिक्वेस्ट फॉर्म, त्यावर एक आयडी. त्याला अमेरिकेतल्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या पीजीच्या, अर्जासाठी तुमचं शिफारसपत्र हवंय. तुम्ही ओपीडी आटपून राऊंडला निघालेले असता, वर एखाद्या तपासणीची फाईल डोक्यात असते. मग तुम्ही म्हणता, ‘असं कर, तूच लिहून आण, मी सही करतो.’

या एका वाक्याबद्दल बोलायला हे पत्र लिहितोय.

मी कोल्हापूरचा. एमबीबीएस महाराष्ट्रातच केलं, इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी अमेरिकेत केली, शेवटी तिथेच चीफ रेसिडेंट होतो आणि आता राजारामपुरीत प्रॅक्टिस करतो. चीफ रेसिडेंटकडे ड्युटी लावण्यापासून रुसवेफुगवे काढण्यापर्यंत सगळी हमाली असते. त्यातलंच एक काम म्हणजे प्रोग्राम डायरेक्टरबरोबर बसून आलेले अर्ज वाचणं. भारतातून आलेली पत्रं मी त्या बाजूनं वाचली आहेत. परत आल्यापासून इथली मुलं माझ्याकडे सल्ल्याला येतात, त्यामुळे ती पत्रं तयार कशी होतात हेही बघतो. जे लिहितोय ते कुठल्या एका कॉलेजाबद्दल नाही. सरकारी, खासगी, अभिमत, सगळीकडे प्रकार तोच आहे.

ज्यांना ही सगळी पद्धत माहीत आहे त्यांनी पुढचा थोडा भाग सोडून द्यावा. मात्र माझा अनुभव असा की, ‘तिकडं यूएसएमएलई द्यावी लागते’ याच्या पलीकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्यात तुमचा दोष नाही. आपल्याकडे नीट पीजीचा एक आकडा येतो आणि त्यावर सगळं ठरतं, त्यामुळे तिकडेही असंच असणार असं आपण धरून चालतो.

तिकडे तसं नसतं. बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरला आधी ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र मिळवावं लागतं. ही संस्था १९५६ पासून हे काम करते. त्यासाठी यूएसएमएलईच्या स्टेप १ आणि स्टेप २ सीके या दोन परीक्षा, इंग्रजी संवादासाठी ओईटी आणि कॉलेजकडून पदवीची पडताळणी एवढं लागतं. मग ‘एरास’ नावाच्या प्रणालीतून अर्ज जातात. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रोग्रामना, म्हणजे रेसिडेन्सी चालवणाऱ्या रुग्णालयांतल्या विभागांना, ते दिसू लागतात, ऑक्टोबर ते जानेवारी मुलाखती होतात आणि कोविडपासून त्या बहुतेक व्हिडिओवरच असतात. मुलाखती संपल्या की उमेदवार आपल्या पसंतीची यादी भरतो, प्रोग्राम त्याच्या पसंतीची. मग संगणक दोन्ही याद्या जुळवतो आणि मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल लागतो. यालाच मॅच म्हणतात. १ जुलैच्या सुमारास कामावर रुजू.

ही जुळणी १९५२ पासून चालू आहे. आज वापरतात ते गणित १९९८ सालापासूनचं, आल्विन रॉथ आणि इलियट पेरान्सन यांनी बसवलेलं. त्यामागचा सिद्धान्त १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी मांडला होता आणि त्या लेखात उदाहरण चक्क लग्नं जुळवण्याचं होतं. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे सांगायचं कारण एवढंच की, या जुळणीत मॅनेजमेंट कोटा नाही, ओळख नाही आणि दलाली नाही. ‘अमेरिकेत पीजी सीट, शंभर टक्के गॅरंटी’ असं सांगून कुणी पालकांकडून पैसे मागत असेल, तर तो जे विकतोय ते त्याच्याकडे नाहीच. वर्गात एकदा हे सांगाल का? पालक आमचं ऐकत नाहीत, सरांचं ऐकतात.

आता आकडे. २०२५ च्या मॅचमध्ये एकूण ४३,२३७ जागा होत्या. अमेरिकेतल्याच एमडी शाळांच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली. परदेशी नागरिक असलेल्या, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांपैकी मिळाली ५८ टक्क्यांना. हे ५८ टक्केसुद्धा पसंतीची यादी भरलेल्यांमधले आहेत. ज्याला एकही मुलाखत आली नाही तो बहुधा यादी भरतच नाही, म्हणजे तो या हिशेबात धरलेलाच नसतो.

खर्चाचं सांगू? एका स्टेपची फी हजार डॉलरच्या पुढे. परीक्षा प्रोमेट्रिकच्या केंद्रावर, म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई नाहीतर बसनं बेंगळुरू. अर्जाची फी २०२५ च्या हंगामापासून पहिल्या तीस प्रोग्रामना प्रत्येकी ११ डॉलर आणि तिसाच्या पुढे प्रत्येकी ३० डॉलर. परदेशी उमेदवार शंभर ठिकाणी सहज अर्ज करतो, तिथेच २,४३० डॉलर गेले, दोन लाख रुपयांच्या वर. एवढं सगळं करून झाल्यावर त्या अर्जात तुमचं दीड परिच्छेदांचं पत्र जातं.

हे पत्र आज पूर्वीपेक्षा महत्त्वाचं का झालं आहे, तेही सांगतो. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ चे गुण कळवणं बंद झालं, फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढंच कळतं. स्टेप २ सीएस ही परीक्षा, ज्यात उमेदवार अमेरिकेत जाऊन रुग्णाची भूमिका करणाऱ्या नटांची तपासणी करून दाखवायचा, ती कोविडमध्ये थांबली आणि २०२१ मध्ये कायमची बंद झाली. मुलांचे पैसे वाचले, व्हिसाची एक खेप वाचली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण अर्ज वाचणाऱ्याच्या बाजूनं बघा. त्याच्या हातात आता स्टेप २ सीकेचा एक आकडा उरला. हा मुलगा रुग्णाच्या खाटेजवळ कसा वागतो, रात्री तीन वाजता घाबरतो का, नातेवाइकांशी काय भाषेत बोलतो, चूक झाली की लपवतो की सांगतो, हे अमेरिकेत कुणीच पाहिलेलं नाही. पाहिलंय तुम्ही. आठवड्याला कितीतरी तास, महिनोन्महिने.

एखाद्या इंटर्नल मेडिसिनच्या प्रोग्रामकडे काही हजार अर्ज येतात. पहिली चाळण संगणकच लावतो. स्टेप २ चे गुण, किती प्रयत्नांत पास, पदवी घेऊन किती वर्षं झाली, व्हिसा लागतो का. तिथे तुम्ही आम्ही काही करू शकत नाही. पण चाळणीतून खाली उतरलेले अर्ज माणसं वाचतात. तेव्हा आमच्यासमोर सारख्याच गुणांचे, सारख्याच वयाचे, सारखेच दोन-तीन पोस्टर सादर केलेले उमेदवार असायचे आणि आम्ही पत्रं उघडायचो.

भारतातलं पत्र उघडलं की पहिल्या ओळीतच कळायचं. ‘टू व्हूमसोएव्हर इट मे कन्सर्न.’ पुढे तो हार्डवर्किंग, सिन्सिअर आणि पंक्च्युअल. त्याचं मॉरल कॅरॅक्टर चांगलं. मी त्याला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा देतो. सही, शिक्का. अशा पत्रावर माझ्या शेजारी बसलेल्या अमेरिकन अटेंडिंगची (तिथल्या वरिष्ठ डॉक्टरची) प्रतिक्रिया मी पुष्कळदा पाहिली. त्यांच्याकडे लिहायला काहीच नसेल, किंवा जे आहे ते लिहिण्यासारखं नसेल, तेव्हाच असं पत्र लिहितात. म्हणजे तुम्ही कौतुक म्हणून पाठवता आणि वाचणारा त्याला सौम्य शब्दांतली नापसंती समजतो. आपल्याकडे ‘वर्तणूक चांगली’ हे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतंच. ते तिकडच्या वाचणाऱ्याला कोण सांगणार?

विद्यार्थ्यानं स्वतः लिहून आणलेलं पत्र तर त्याहून लवकर ओळखू येतं. दोन वेगवेगळ्या मुलांच्या अर्जात एकच परिच्छेद, फक्त नाव बदललेलं. पहिल्या अर्ध्या पानात ‘ही’, पुढच्या अर्ध्यात ‘शी’. सर्जरीच्या सरांची आणि बालरोगाच्या मॅडमची इंग्रजी भाषा अगदी एकसारखी, आणि दोघांचीही भाषा उमेदवाराच्या स्वतःच्या निवेदनासारखी. आता एआय आल्यापासून पत्रांतलं इंग्रजी सुधारलंय आणि माणूस त्यातून पूर्णच गेलाय. सगळी पत्रं गुळगुळीत.

यात आणखी एक गोष्ट आहे. एरासमध्ये अर्ज भरताना विद्यार्थी लिहून देतो की, हे पत्र पाहण्याचा माझा हक्क मी सोडला आहे. बहुतेक सगळे तसं लिहून देतात, कारण हक्क न सोडलेल्या पत्राला तिथे कुणी विचारत नाही. म्हणजे मूल एकीकडे ‘मी हे पत्र पाहणार नाही’ असं जाहीर करतं आणि दुसरीकडे त्यानंच ते टाईप केलेलं असतं. करिअरच्या पहिल्या कागदावर आपण त्याला खोटं लिहायला लावतो, आणि ज्या सरांनी त्याला नोंदी प्रामाणिकपणे ठेवायला शिकवलं तेच सर लावतात. मला हे सौम्य शब्दांत सांगता येत नाही.

पण माझं खरं गाऱ्हाणं वेगळंच आहे. तुम्हाला लिहिता येत नाही असं नाही. तुम्ही बोलता तेव्हा किती नेमकं बोलता!

एका मॅडमशी फोनवर बोलत होतो. विषय दुसराच होता, मध्येच त्यांच्या एका इंटर्न मुलीचं नाव निघालं. मॅडम म्हणाल्या, ‘अरे, ती पोरगी म्हणजे नाद खुळा.’ आणि सांगायला लागल्या. पावसातली रात्र, राधानगरीकडच्या वाडीतून एक बाई आली, भातात काम करताना पायाला काहीतरी चावलेलं. साप कुणी पाहिला नव्हता. पायाला सूज, बाई घाबरलेली, पण नाडी, रक्तदाब सगळं ठीक. नातेवाईक म्हणत होते की, काटा असेल, घरी जाऊ द्या. प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायला वेळ होता. या मुलीनं काचेची कोरडी नळी शोधली, दोन मिली रक्त घेतलं, नळी उभी ठेवली आणि वीस मिनिटं तिला कुणाला हात लावू दिला नाही. वीस मिनिटांनी नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. तिनं रेसिडेंटला उठवलं, विषप्रतिबंधक लस सुरू झाली. पुढच्या राऊंडला सगळे रक्तस्राव बघत होते आणि ही लघवीचं माप बघत होती. लघवी कमी होतेय हे तिनंच पहिल्यांदा सांगितलं, कारण घोणस चावली तर मूत्रपिंडं जातात हे तिनं वाचलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं. बाईला वेळेत डायलिसिसला हलवता आलं. आणि हे सगळं चालू असताना बाईच्या सासूला ती दर थोड्या वेळानं बाहेर जाऊन तिच्या भाषेत समजावत होती.

मी विचारलं, ‘मॅडम, तिच्या पत्रात काय लिहिलंत?’ मॅडम थांबल्या. म्हणाल्या, ‘तिनं लिहून आणलं होतं, मी सही केली. सिन्सिअर वगैरे.’

आता विचार करा. अमेरिकेतल्या ज्या डॉक्टरनं आयुष्यात सर्पदंशाचे चार रुग्ण पाहिले असतील, त्याच्यासमोर ही हकिगत आली असती तर त्यानं हे पान उलटलं असतं का? त्यात काय नाही? साधन नसताना निर्णय, मदत कधी मागायची याची जाण, वाचलेलं खाटेपर्यंत आणणं, पुढचा धोका आधी बघणं, नातेवाइकांशी बोलणं. यातला एकही गुण नावानं सांगायची गरज नाही. फक्त काय घडलं ते लिहायचं. मॅडमनी नंतर नवं पत्र लिहिलं, फोनवर बोलल्या तसंच. ती मुलगी मॅच झाली की नाही ते मी इथे सांगत नाही, कारण एका पत्रानं कुणी मॅच होत नसतं आणि तसा माझा दावाही नाही.

आपल्या वॉर्डांत अशा गोष्टींना तोटा नाही. कीटकनाशक प्यायलेल्या शेतकऱ्याची छाती कोरडी होईपर्यंत रात्रभर अ‍ॅट्रोपिनचा हिशेब ठेवणारा इंटर्न तुमच्याकडे आहे. ऊसतोडीच्या हंगामात फडावरून आलेल्या गरोदर बाईचा एकही आधीचा कागद नसताना तिचा इतिहास काढणारी मुलगी आहे. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात शिबिरांत राबलेली मुलं आज अर्ज करताहेत. माझ्या रेसिडेन्सीतल्या अमेरिकन सहकाऱ्यांना रुमॅटिक मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची झडप अरुंद होण्याच्या आजाराचा) आवाज पुस्तकातून माहीत होता, आपल्या मुलांच्या कानात तो बसलेला असतो. ही आपली श्रीमंती, आणि पत्रात आपण लिहितो पंक्च्युअल.

तुमच्यापैकी काही म्हणतील, आमच्या पत्राला तिकडे विचारतो कोण? अमेरिकेतल्या डॉक्टरचं पत्र लागतं. खरं आहे. तिथल्या रुग्णालयात इलेक्टिव्ह (विद्यार्थी म्हणून काम) किंवा ऑब्झर्व्हरशिप (नुसतं निरीक्षण) करून तिथल्या डॉक्टरनं दिलेलं पत्र जास्त वजनदार ठरतं, हे मी नाकारणार नाही. एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रं लावता येतात आणि शहाणा उमेदवार त्यातली शक्य तेवढी अमेरिकेतली लावतो. पण ही पत्रं कुणाला मिळतात? ज्याच्या घरचे तिकीट, राहणं आणि बऱ्याचदा ऑब्झर्व्हरशिपची फी भरू शकतात त्याला. शिरोळच्या किंवा गडहिंग्लजच्या ज्या मुलाच्या बापानं परीक्षेच्या फीसाठीच सोसायटीचं कर्ज काढलंय, त्याला तिथे फार तर एक महिना जमतं. त्याची उरलेली दोन-तीन पत्रं तुमचीच असणार. शिवाय चार आठवडे मागं उभं राहून बघणाऱ्या मुलाबद्दल तिथला डॉक्टर किती सांगू शकतो? रुग्णाला हात लावायची परवानगी नसते त्याला. पाच वर्षांचा साक्षीदार तुम्ही आहात.

दुसरा आक्षेप मला जास्त प्रामाणिक वाटतो. सरकारच्या पैशावर शिकायचं आणि पळून जायचं, आणि त्यासाठी पत्रही आम्हीच द्यायचं? एका ज्येष्ठ सरांनी हे मला तोंडावर सुनावलं. त्यांच्याबद्दल आदर आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्यावर महाराष्ट्रात एक वर्षाच्या सेवेचा बाँड आहे. तो हिशेब शासन आणि विद्यार्थी यांच्यातला, आणि तो चुकता झाला पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही. जे-१ या प्रशिक्षणाच्या व्हिसावर जाणाऱ्याला आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून पत्र घ्यावं लागतं आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट त्याला लागू होते. दुर्गम भागात काम करून ती अट माफ करून घ्यायचे मार्ग आहेत आणि पुष्कळ जण ते घेतात, हेही खरं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा दुसरा रस्ता सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार लावून अमेरिकेनं स्वतःच अरुंद केलाय. म्हणजे कोण जाईल, कोण राहील, कोण परतेल हे ठरवणाऱ्या यंत्रणा दोन देशांत आहेत. विभागप्रमुखाचं शिफारसपत्र ही त्यातली यंत्रणा नव्हे. वाईट पत्रानं मुलगा थांबत नाही, तो फक्त एक वर्ष आणि काही लाख रुपये गमावून पुन्हा अर्ज करतो.

आणि कोल्हापूरनं तरी हा आक्षेप घेऊ नये. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला एम.डी. झाल्या, तेव्हा त्यांना परत बोलावणारं नेमणुकीचं पत्र कोल्हापूर संस्थानानं दिलं होतं, इथल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री-विभागासाठी. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचं निधन झालं आणि रुजू होणं राहिलं. पण पत्र गेलं होतं. मी परत आलो तेव्हा मला असं पत्र कुणी पाठवलं नव्हतं, आलो ते आईवडिलांसाठी आणि थोडं हट्टानं. अमेरिकेत शिकलेली आपली मुलं इथे हवी असतील तर शिफारसपत्रं अडवण्यापेक्षा नेमणुकीची पत्रं पाठवायला सुरुवात करा. त्या कामाला मी स्वतः पत्ते गोळा करून देईन.

विद्यार्थी विभागाकडे वळतो, कारण तिथे जे अडतं ते पत्राहून क्लेशकारक आहे. ईसीएफएमजी पदवीची प्रत थेट कॉलेजकडे पाठवते आणि अधिकृत व्यक्तीनं ती खरी असल्याचं कळवायचं असतं. काम काही मिनिटांचं. पण अधिष्ठात्यांची बदली झालेली असते, पोर्टलवर अजून जुन्याच साहेबांचं नाव असतं, पासवर्ड ज्या क्लार्ककडे होता ते निवृत्त झालेले असतात आणि ईमेल तसाच न उघडलेला पडून राहतो. इकडे मुलगा रोज खेटे घालतो. त्याला कुणी नाही म्हणत नाही, ‘उद्या ये’ म्हणतात. कृपया पदभार सोपवताना या पोर्टलचा अधिकारही सोपवला जाईल एवढं बघा. कॉलेजच्या कपाटाच्या किल्ल्या सोपवता ना, तसंच.

याच टेबलावरचा दुसरा कागद एमएसपीई, ज्याला जुनी मंडळी डीन्स लेटर म्हणतात. हे शिफारसपत्र नव्हे, मूल्यमापन आहे. विद्यार्थी आपल्या बॅचमध्ये कुठल्या विषयात कुठे उभा होता, मध्ये खंड पडला का, पडला तर का, प्रत्येक विभागात त्याच्याबद्दल काय मत झालं, हे त्यात यायला हवं. गुणांची रजिस्टरं तुमच्याकडे आहेत, त्यातून बॅचमधलं स्थान काढणं अवघड नाही. एखादा विषय राहिला असेल तर तेही लिहा. लपवलेलं नंतर गुणपत्रिकेत दिसतंच आणि मग उरलेल्या कौतुकावरचाही विश्वास उडतो. हा कागदही आज बहुतेक मुलं स्वतःच तयार करून आणतात.

एक गोष्ट राहत होती. रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स, कझाकस्तान अशा ठिकाणांहून एमबीबीएस करून आलेली, एफएमजीई ही परदेशी पदवीधरांची परीक्षा पास होऊन तुमच्याकडे इंटर्नशिप करणारी आपल्याच गावांची मुलं. वॉर्डात त्यांना सावत्रासारखं वागवलं जातं हे तुम्हालाही माहीत आहे. त्यातलीही काही अमेरिकेचे अर्ज करतात. त्यांच्या मूळ विद्यापीठातल्या प्राध्यापकांपर्यंत पोचणं त्यांना किती कठीण असतं याची कल्पना करा. वर्षभर त्यांचं काम तुम्ही पाहिलं असेल, तर त्यांचं पत्र तुमच्याकडूनच यायला हवं.

मग मागणी काय? फार नाही. ज्या मुलाला तुम्ही ओळखत नाही त्याला ‘नाही’ म्हणा. आपल्याला नाही म्हणणं जड जातं, पण नाही म्हटलेला मुलगा दुसऱ्या सरांकडे जाईल, कोरडं पत्र घेऊन गेलेला कुठेच जाणार नाही. ज्याला ओळखता त्याला सोबत बसवा, पत्राचा मसुदा मागू नका, त्याचा बायोडेटा मागा आणि विचारा, माझ्या युनिटमध्ये तू पाहिलेले कुठले रुग्ण तुझ्या लक्षात आहेत? दोन-तीन आठवणींत तुमचीही आठवण जागी होईल. मग त्याला बाहेर पाठवा आणि लिहा. किती महिने, कुठल्या भूमिकेत पाहिलं ते सुरुवातीला. मग घडलेलं एखादं प्रसंगचित्र. मग तुमच्या इतक्या वर्षांतल्या इंटर्नच्या तुलनेत तो कुठे बसतो, आणि तुमच्या स्वतःच्या विभागात त्याला रेसिडेंट म्हणून घ्याल का. हा शेवटचा प्रश्न वाचणारा नक्की शोधतो. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. आमच्या प्रोग्राम डायरेक्टरला सगळ्यात आवडलेलं एक पत्र व्याकरणाच्या दृष्टीनं बरंच लंगडं होतं, पण लिहिणाऱ्यानं त्या मुलाला पाहिलं होतं हे ओळीओळीतून दिसत होतं.

इंग्रजीत लिहायचा कंटाळा असेल तर मराठीत बोलून मोबाईलवर रेकॉर्ड करा, तुमचेच शब्द इंग्रजीत उतरवून द्यायला मी आणि अमेरिकेतून परतलेले माझे दोघं मित्र तयार आहोत. मजकूर तुमचाच राहील. पोर्टलवर पत्र चढवायचं कसं, खातं कुठे उघडायचं, लेटरहेडवर सही करून पीडीएफ कशी करायची हे दाखवायला कुठल्याही कॉलेजात येईन, गुरुवारी दुपारी माझा दवाखाना बंद असतो. इस्लामपूर, सांगली, मिरज, कराड, कुठेही. चहा पुरे.

अर्ज सप्टेंबरच्या सुरुवातीला भरायला लागतात, म्हणून हे सगळं ऑगस्टमध्ये व्हायला हवं. गणपतीच्या आत झालं तर उत्तम, नंतर कुणीच जागेवर सापडत नाही.

आपला नम्र,
एक फिजिशियन
राजारामपुरी, कोल्हापूर